हातभर पुढे चालणारा आवाज

इथल्या, मॉन्ट्रियलच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "काकू, पण तुम्ही नक्की करता काय?" इतकी वर्षं मी मंडळात दर गणपतीला मोदक वळते आहे, तरी हा प्रश्न काही सुटलेला नाही. बाकीच्यांचं सोपं असतं. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे सगळेच कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, आणि ते नक्की काय, हे कुणी कुणाला विचारत नाही. मी मात्र "जुन्या सिनेमांच्या फिती दुरुस्त करायचे" असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी कीव येते आणि मग एकदम चमक. चमक आली की मी ओळखते, आता घरातली लग्नाची कॅसेट बाहेर निघणार.

टोरोंटोहून एक गृहस्थ अशीच कॅसेट घेऊन खास गाडी चालवत आले होते. त्यांचं मेव्हण्याशी फाटलं होतं आणि तो मेव्हणा त्यांना लग्नाच्या व्हिडिओतून काढून हवा होता. मी कॅसेट लावून पाहिली, तर मेव्हणा अंतरपाटाचं एक टोक धरून उभा! मी म्हटलं, "अहो, याला काढलं तर अंतरपाट अधांतरी राहील." ते गंभीरपणे म्हणाले, "मॅनेज करा ना काहीतरी." मी कॅसेट ठेवून घेतली आणि काहीएक केलं नाही. पुढच्या संक्रांतीला त्यांचा फोन आला, समेट झालाय, मेव्हण्याला परत घाला. मी म्हटलं, घातला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात कमी श्रमाचं काम.

तर एकदाचं सांगून टाकते. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. सूत तुटलं की माग थांबायचा आणि आई ते सांधायची. गाठ अशी बसायची की कापडावरून हात फिरवला तरी बोटाला लागू नये. लग्न होऊन मी मॉन्ट्रियलला आले, तेव्हा एका फिल्म लॅबला मदतनीस हवी होती. मुलाखतीत त्यांनी माझ्या हातात फाटलेली फीत दिली आणि म्हणाले, जोड. फ्रेंच येत नव्हतं, इंग्रजी तोडकंमोडकं, पण सांधा मारायला कुठली भाषा लागते? त्या दिवशी त्या टेबलाशी बसले ती गेल्या वर्षी रिटायर होऊनच उठले.

काम साधं असतं. पांढरे सुती हातमोजे घालायचे, डबा उघडायचा आणि पहिल्यांदा वास घ्यायचा. फीत आजारी पडली की वास मारते. मधल्या काळातल्या फितींना व्हिनेगरचा वास येतो आणि फार जुन्या फितींना न धुतलेल्या मोज्यांचा. त्या फार जुन्या भडकन पेट घेतात, म्हणून त्यांना थंड खोलीत माहेरवाशिणीसारखं जपायचं. मग फीत इंच इंच तपासायची, फाटलंय तिथे सांधायची, मळलीय तिथे पुसायची आणि पुढे कॉम्प्युटरकडे पाठवायची. तिथे मार्सेल बसायचा. हा माझा सहकारी, कानाचा तयार आणि जिभेचा तिखट. चित्र माझ्याकडे आणि आवाज त्याच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

आवाजाची एक गंमत सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. बोलपटाच्या फितीवर चित्रांच्या कडेला एक बारीक पट्टी असते आणि तिच्यात एक नागमोडी रेघ. तोच आवाज. पण जो माणूस बोलताना दिसतो, त्याचा आवाज त्याच्या चित्राशेजारी नसतोच! प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर असते आणि आवाज वाचणारा दिवा खाली, त्यामुळे आवाज फितीवर हातभर पुढे छापावा लागतो. वरातीत नवरदेवाच्या पुढे बँड चालतो, तसं समजा. आता कुणी कात्री घेऊन एखादं दृश्य कापलं, तर नवरदेव जातो, पण बँड आधीच पुढे गेलेला असतो. त्या माणसाच्या बोलण्याची सुरुवात, सेकंदाहूनही थोडी कमी, आधीच्या दृश्याच्या कडेला राहून जाते.

असा कापलेला सांधा दिव्याखालून गेला की 'टप्प' असा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून जुने लोक सांध्यावर आवाजाच्या पट्टीत काळ्या शाईचा छोटा त्रिकोण रंगवायचे. आता तेच काम कॉम्प्युटरवर होतं, सांध्याच्या आसपासचा आवाज हलकेच विझवायचा. मी त्या काळ्या ठिपक्याला पहिल्यापासून गालबोट म्हणायचे. मार्सेलला शब्द आवडला, पण त्याच्या तोंडी तो 'गालबो' झाला. लॅबमधली नवी पोरं तो फ्रेंच शब्दच समजायची.

शब्दांची अशी फजिती माझ्या घरीही झालेली आहे. आमचे हे मला नावाने हाक मारत नाहीत. त्यांच्या आईवडिलांत तशी पद्धत नव्हती आणि ह्यांनी ती मॉन्ट्रियलशेजारी आमच्या ब्रॉसार्डपर्यंत आणली. ते बेसमेंटमधून ओरडतात, "अगं, ऐकलंस का?" शेजारच्या लूसीबाईंनी उन्हाळाभर कुंपणापलीकडून हे ऐकलं आणि एक दिवस केक घेऊन आल्या, त्यावर क्रीमने लिहिलेलं, 'मादाम ऐक्लास'. मी दुरुस्ती केली नाही. त्या अजून मला तीच हाक मारतात आणि मी ओ देते.

आता मुख्य गोष्ट. माझ्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे एक काउबॉय पिक्चर आला. क्यूबेकमधल्या एका गावाच्या जुन्या सभागृहाच्या तळघरात, हॉकीच्या फाटक्या जाळ्यांखाली त्याचे डबे सापडले होते. तळघर बारा महिने गारठलेलं, म्हणून फीत वाचली. ते डबे एका संग्राहकाने विकत घेतले. हे गृहस्थ भर हिवाळ्यातही रुंद काठाची काउबॉय टोपी घालून यायचे, म्हणून मी त्यांना टोपीवाले म्हणायचे. सिनेमाच्या सुरुवातीचा तुकडा फाटून गेला होता, त्यामुळे नाव नाही, गाव नाही. डब्यावर मी चिठ्ठी लावली, 'निनावी'.

सिनेमाला नुकता कंठ फुटला होता, त्या काळातला, आणि पैसे घालायचे नाहीत असं ठरवूनच काढलेला पिक्चर होता तो. त्यात एकच खडक तीनदा येतो, दर वेळी वेगळ्या डोंगराचा म्हणून. बँकेचं दार आपटलं की बँकेची भिंत हलते. मायक्रोफोन कुठेतरी झुडपात लपवलेला असणार, कारण कुणाला काही महत्त्वाचं बोलायचं असलं की सगळे घोड्यांवरून उतरून त्या झुडपाशी गोळा होतात. खलनायक तर सरळ झुडपालाच धमकी देतो. हिरो नदीत पडतो, डोंगरावरून घरंगळतो, मारामाऱ्या करतो, पण डोक्यावरची टोपी पडत नाही. मला तो पिक्चर मनापासून आवडला. नवीन तंत्र हाती आलेल्या माणसांची धांदल त्यात जागोजाग दिसते, आणि धांदल मला नेहमीच जवळची वाटते.

मधल्या रिळात एक जुना, ओबडधोबड सांधा होता. हिरो आणि हिरॉईन नदीकाठी बसलेत, डोळ्यांत डोळे वगैरे. मग नुसती नदी, गवत आणि वारा. आणि एकदम दोघं घोड्यांवर बसून धावताहेत, हिरॉईनचे केस विस्कटलेले. मधलं काहीतरी गायब होतं. मार्सेल हसला. "चुंबन," तो म्हणाला. "ही फीत गावच्या हॉलमध्ये चालायची ना? कुण्यातरी पापभीरू माणसाने कात्री चालवली." त्याच्या आजोळी असेच कापलेले सिनेमे दाखवायचे म्हणे. तेव्हा चुंबनं न बघता मोठी झालेली माणसं आता ढीगभर नातवंडं घेऊन बसलीत, असं तो म्हणाला.

त्या सांध्याच्या अलीकडे, रिकाम्या नदीवर, एक हाक ऐकू यायची. लांबून मारलेली, लांबवलेली आणि मध्येच तुटलेली. मी पहिल्यांदा ऐकली आणि खो खो हसले.

"काय झालं?" मार्सेलने विचारलं.

"आमच्या भाषेत सून म्हणजे मुलाची बायको. काउबॉयच्या पिक्चरमध्ये सासू आली बघ!"

"मादाम, तो 'सून' म्हणतोय. इंग्लिशमध्ये. 'लवकरच'. खलनायक असेल. 'लवकरच तुला बघतो.' आणि पुढचं कापलं गेलंय."

ते पटण्यासारखं होतं. त्याने कामाच्या टिपेत तसं लिहिलं, आणि पुढे : सांध्याजवळचा भटका आवाज, विझवणे. माझं काम तिथे संपलं होतं. पण मला ती हाक सोडेना. मी परत ऐकली. परत. आणि मला आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या.

आमच्या गल्लीत सगळे 'पानी' म्हणायचे, 'लोनी' म्हणायचे. मीही म्हणायचे. बाईंनी मला फळ्यापाशी उभं करून वर्षभर माझ्याकडून 'बाणातला ण' घोटून घेतला. पाणी, लोणी, आणि, कोण. जीभ वर वळव, टाळूला लाव, सोड. ज्याला ण जन्मतः येतो त्याला त्याची किंमत नसते. मला तो कमवावा लागला, म्हणून तो कुठेही असला तरी मला ऐकू येतो. आणि ही हाक 'सून' नव्हती. ती 'सूण' होती.

मी मार्सेलला म्हटलं, "हा इंग्लिश माणूस नाही."

"का?"

"तुम्हा लोकांची जीभ असं करत नाही." मी त्याला ण म्हणून दाखवला. त्याने प्रयत्न केला आणि खोकला. मग त्याने त्या आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून माझ्या 'ण'शेजारी लावून पाहिली आणि म्हणाला, "बॉन, बरं. मग हा कोण?"

ते मला तरी कुठे ठाऊक होतं! मी फक्त एवढंच म्हटलं की इथे गालबोट लावू नकोस, थोडं थांब. कारण ण शेवटाला होता, अगदी सांध्याला चिकटून. गालबोट लागलं असतं तर नेमका तोच पुसला गेला असता. जुन्या कापणाऱ्यानेही तिथे शाई लावली नव्हती. विसरला असेल, नाहीतर चुंबनाच्या धक्क्यातून सावरला नसेल.

घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला ना, जिथे तिथे आपलीच माणसं दिसतात. कॉस्टकोच्या दुकानात पण तू आडनावं ओळखत बसतेस." ते खोटं नाही, म्हणून मी भांडले नाही.

टोपीवाल्यांना काम लवकर हवं होतं. त्यांनी पिक्चरचं नाव शोधायला म्हणून काही चित्रं इंटरनेटवर टाकली होती, त्यांत ती नदीही होती. एक दिवस त्यांनी मला एक फोन जोडून दिला. पार ब्रिटिश कोलंबियातल्या सरेहून एक मुलगी बोलत होती, सिमरन. आवाजावरून पंचविशीची.

"आंटी, हिंदी चलेगी? मेरी बीजी के पापा एक काउबॉय मूव्ही में थे. सच में. वो रिव्हर हमारे पुराने मिल के पास वाली है, आय ॲम शुअर."

बीजी म्हणजे तिची आजी, बलबीर कौर, नव्वदीच्या उंबरठ्यावर. बीजींचे वडील तरुणपणी पंजाबातून येऊन ब्रिटिश कोलंबियात लाकडाच्या मिलमध्ये कामाला लागले. बायको गावी, कारण तेव्हा बायकांना सोबत आणणं इथल्या कायद्यांनी फार कठीण करून ठेवलं होतं. एकदा तिथे सिनेमावाले आले. त्यांना 'इंडियन' हवे होते, म्हणजे काउबॉयपटातले रेड इंडियन. ज्यांची ही जमीन, त्या मूळ रहिवाशांनी पिसं लावून आरडाओरडा करायला साफ नकार दिला, आणि बरंच केलं. मग सिनेमावाल्यांचा माणूस मिलमध्ये जाऊन विचारू लागला, "तुमच्यात इंडियन कोण आहे?" बीजींच्या वडिलांनी हात वर केला. सिमरन म्हणाली, "आंटी, ही वॉज नॉट लाइंग, ना?"

पगडी काढायला ते तयार नव्हते. शेवटी सिनेमावाल्यांनी पगडीतच एक पीस खोचलं आणि घोड्यावर बसवलं.

पुढे काही वर्षांनी बायको आली, बीजी झाल्या, आणि बीजी रांगत असतानाच मिलमध्ये ओंडका अंगावर येऊन वडील गेले. त्यांचा एक फोटो आहे. सिमरन म्हणाली, "बीजींना आता दिसत नाही, आंटी. मॅक्युला, डोळ्यांचा पडदा खराब झालाय. त्या म्हणतात, चेहरा फोटोत आहे आणि फोटो मला दिसत नाही. आवाज तर मी कधी ऐकलाच नाही. पिक्चरमध्ये ते काहीतरी ओरडले होते असं आई सांगायची. तेवढं एकदा कानावर पडलं तर बरं."

मी सगळी रिळं पुन्हा टेबलावर घेतली. चित्र न् चित्र पाहिलं. गर्दीत, धुळीत, पाठमोरे, दूरचे, सगळे घोडेस्वार भिंगाखाली घातले. पगडीवाला माणूस कुठेही नव्हता. इतकी वर्षं या कामात काढल्यावर एक कळतं, की फीत खोटं बोलत नाही आणि दयाही दाखवत नाही. नाही म्हणजे नाही. मी सिमरनला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "ओके आंटी. थँक्यू फॉर चेकिंग." तिच्या त्या शहाण्यासुरत्या उत्तरानेच मला जास्त वाईट वाटलं.

मागून बीजींचा आवाज आला. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. त्या पंजाबी बोलत होत्या, मी हिंदी, आणि दोघींना सगळं कळत होतं. त्या म्हणाल्या, "पुत्तर, एवढी मेहनत केलीस, आता निदान हसून तरी घे." आणि त्यांनी त्यांच्या आईने सांगितलेली गोष्ट सांगितली. वडिलांना घोड्यावर बसवून एका खडकावर उभं केलं. समोर खाली साहेब आणि मेम बेशरमपणे एकमेकांच्या गळ्यात. वडिलांना तिकडे बघवेना, त्यांनी आभाळाकडे तोंड केलं. सिनेमावाला ओरडला, काहीतरी इंडियन बोल, मोठ्याने बोल! म्हणून ते ओरडले आणि साहेब-मेम दचकून पळाले.

"काय ओरडले?" मी विचारलं.

"तेच तर आईने कधी सांगितलं नाही. विचारलं की चुन्नी तोंडावर घेऊन हसत सुटायची. मरेपर्यंत हसली, पण सांगितलं नाही."

माझ्या हातात फोन तसाच राहिला. चुंबन! खडक चुंबनाच्या मागे होता. कात्रीने चुंबन गेलं आणि त्यासोबत पगडीतल्या पिसासकट बीजींचे वडील गेले. पण आवाज हातभर पुढे असतो.

मी बीजींना काही बोलले नाही. आधी खात्री करावी, म्हातारीला उगाच आशा लावू नये, असं ठरवलं. मार्सेलकडे गेले. त्याला सगळं सांगितलं तसा तो उठला आणि त्याने आपल्या टिपेतली 'विझवणे' ही ओळ खोडली. मग दिवसभर बसून त्याने तेवढ्या तुकड्यावरची खरखर कमी केली, वारा थोडा मागे नेला, आणि ण ला हात लावला नाही. "तुझ्या त्या अक्षराला मी घाबरतो," तो म्हणाला.

टोपीवाल्यांना विचारणं भाग होतं, पिक्चर त्यांचा. ते कुरकुरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली (तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचं टक्कल दिसलं) आणि म्हणाले, "राहू द्या. रिकाम्या नदीवर हाक. सगळ्या पिक्चरमध्ये तेवढंच एक खरं आहे." माणसाला उगाच हसत होते मी इतके दिवस.

माझ्या निरोपाचा केक खाऊन झाल्यावर आठवड्याभरात मी आणि हे मुलीकडे, सरेजवळच्या बर्नबीला गेलो. मुलगी म्हणाली, "मॉम, यू आर रिटायर्ड! तू अजून काम घेऊन फिरतेस?" मी म्हटलं, हे एकच. तिने आम्हाला स्कायट्रेनने सरेला नेलं.

बीजींचं घर म्हणजे कढीचा वास, दाराशी बुटांचा ढीग आणि सोफ्यावर क्रोशाची पांघरुणं. बीजी खिडकीशी बसल्या होत्या, लहानखुऱ्या, अगदी ताठ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं चाचपून पाहिली. "काम करणारे हात आहेत," त्या म्हणाल्या. मी त्यांना काय आहे आणि काय नाही ते नीट सांगितलं. चेहरा मिळाला नाही. तो कुणीतरी कापून टाकला, आता तो कधी मिळेल असं वाटत नाही. आवाज आहे, पण इवलासा, अर्धाच. आणि तो त्यांचाच, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तुम्हीच ऐका. चेहरा न मिळाल्याची चुटपुट मला अजून आहे, ती त्यांच्यासमोर लपवली नाही.

"लाव," त्या म्हणाल्या.

सिमरनने फोन स्पीकरला जोडला. आधी वारा आला, मग पाणी. मग ती हाक.

"सूऽण..."

आणि घोड्यांच्या टापा.

सिमरन माझ्याकडे बघायला लागली, मी ह्यांच्याकडे. तेवढ्यात बीजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. चुन्नी तोंडावर घेऊन, हुबेहूब त्यांनी सांगितलेल्या त्यांच्या आईसारख्या.

"सुणदी एं!" त्या म्हणाल्या. "सुणदी एं? दुसरं काय म्हणणार तो! आईला तो कधी नावाने बोलावायचा नाही. आमच्यात कोण बोलावतं? हाक मारायची ती एवढीच, सुणदी एं? ऐकतेस का? काहीतरी इंडियन बोल म्हणाले आणि त्या वेड्याला तेवढंच आठवलं. सगळ्या गोऱ्यांच्या देखत, खडकावर उभा राहून, त्याने माझ्या आईला हाक मारली. आणि ती बसली होती तिकडे पंजाबात!"

आमचे हे एकदम उठून पाणी पिऊन येतो म्हणाले आणि स्वयंपाकघराऐवजी वॉशरूममध्ये शिरले. मी हसले नाही. आमच्या घरातली हाक ती हीच, आणि मी अर्ध्या वेळा "थांबा हो" म्हणून वाटाणे सोलत बसते.

हसू ओसरल्यावर बीजींनी चुन्नी सारखी केली. सिमरनने विचारलं, "अगेन, बीजी? परत लावू?"

बीजींनी हात वर करून तिला थांबवलं. मान वळवून त्या स्पीकरकडे तोंड करून बसल्या, आणि घरातल्या बाईने आतल्या खोलीतून ओ द्यावी तशा, जरा मोठ्याने म्हणाल्या, "हां जी, सुणदी आं."

मग सिमरनकडे वळून म्हणाल्या, "बस. आईच्या वतीने ओ दिली. आता चहा टाक."